भूशास्त्र विभागाचा जीवाश्मसंग्रह: जतनाच्या नोंदी, जून २०२३ ते ऑगस्ट २०२४

५ जून २०२३, सोमवार

विभागप्रमुखांनी संग्रहाच्या किल्ल्या आज माझ्याकडे सोपवल्या. दक्षिण मुंबईतल्या आमच्या महाविद्यालयाची ही इमारत जुन्या दगडी बांधकामाची असून संग्रहाची खोली दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडे आहे. समुद्र इतका जवळ आहे की खिडक्यांच्या लोखंडी कड्या टिकत नाहीत, असे प्रयोगशाळेतल्या मामांनी सांगितले. खोलीत जुनी तीन सागवानी कपाटे आणि नंतर कधीतरी आणलेले प्लायवुडचे एक कपाट आहे. कच्छचे ज्युरासिक अमोनाइट (गुंडाळलेल्या कवचाचे, आता लुप्त झालेले सागरी प्राणी), तिरुचिरापल्लीकडचे क्रिटेशस काळातले शंख-शिंपले, राणीगंज आणि झरिया इथले ग्लोसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची अश्मीभूत विष्ठा, गडचिरोलीतल्या सिरोंचा भागातले दगड झालेले लाकूड, शिकवण्यासाठी परदेशातून मागवलेले काही नमुने आणि बेडकाचा जीवाश्म असलेली वरळीची एक लादी असा हा संग्रह आहे.

पहिले दोन आठवडे कोणत्याही नमुन्यावर ब्रश किंवा ओले फडके फिरवायचे नाही, असे मी ठरवले आहे. धूळ आज पुसली काय आणि महिन्याने पुसली काय, नमुन्याला त्याने फरक पडत नाही. परंतु धुळीबरोबर निघून जाणारी पूड कोणत्या नमुन्याची आणि कशाची होती, हे पुसल्यानंतर कोणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे आधी छायाचित्र, मग नोंद आणि त्यानंतर गरज असेल तर हात लावायचा.

१२ जून २०२३

आर्द्रतामापकांची तपासणी केली. चार नवी उपकरणे एकाच टेबलावर ठेवल्यावर त्यांच्या वाचनांत नऊ टक्क्यांपर्यंत तफावत दिसली, तेव्हा कोणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न होता. यावर जुना आणि खात्रीचा उपाय मिठाचा आहे. साध्या मिठात पाणी घालून त्याचा ओलसर लगदा केला आणि तो वाटीत घालून आर्द्रतामापकासह हवाबंद बरणीत रात्रभर ठेवला, तर आपल्याकडच्या तापमानाला आतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. चारही उपकरणे या परीक्षेतून काढून प्रत्येकाच्या पाठीवर त्याची चूक लिहून ठेवली. एक उपकरण ७५ ऐवजी ८१ दाखवते; ते खोलीच्या भिंतीसाठी ठेवले, डब्यांसाठी वापरायचे नाही.

२७ जून २०२३

परवा, २५ तारखेला, पाऊस मुंबईत दाखल झाला. यंदा तो दिल्लीतही त्याच दिवशी पोहोचला, आणि असे १९६१ नंतर प्रथमच घडले. खोलीतली आर्द्रता ६६ टक्क्यांवरून ८७ वर गेली. बंद सागवानी कपाटात मात्र ती आज सकाळपर्यंत ७३ होती. जाड लाकूड ओल आधी स्वतः पिते आणि आतल्या हवेपर्यंत ती सावकाश पोहोचू देते, याचा हा पुरावा आहे. ही सवलत काही दिवसांपुरतीच मिळते, कारण चार महिन्यांच्या पावसात लाकूडही शेवटी भिजतेच; तरीही, कपाटे विनाकारण उघडायची नाहीत, हा नियम आजपासून दारावर लावला आहे.

३ जुलै २०२३

आजचा दिवस वाईट गेला, आणि त्याची नोंद सविस्तर करणे आवश्यक आहे.

परदेशी नमुन्यांच्या खणात इंग्लंडमधल्या शेपी बेटावरून आलेली नायपा या ताडवर्गीय झाडाची चार फळे आहेत. ती लंडन क्ले नावाच्या इओसीन काळातल्या थरातली, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची आहेत. हेच झाड आज सुंदरबनच्या खाड्यांमध्ये वाढते, तेथे त्याला गोलपाता म्हणतात. आज थंड असलेल्या इंग्लंडच्या किनाऱ्यावर एके काळी खाडीतली ताडे होती, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी या चार फळांइतके चांगले साधन आमच्याकडे दुसरे नाही. खण ओढताच गंधकाचा उग्र वास आला. चारपैकी एका फळाच्या जागी राखाडी-पिवळ्या पुडीचा ढीग होता, दुसऱ्याला उभी चीर गेली होती आणि त्याच्यावर पांढरे केसासारखे स्फटिक उगवले होते. खालची कागदी पेटी तपकिरी होऊन हात लावताच तुटली, आणि चिठ्ठीचा अर्धा भाग जळाल्यासारखा नाहीसा झाला होता.

कारण ठाऊक आहे. ही फळे अश्मीभूत होताना त्यांच्या पेशींत पायराइट, म्हणजे लोहाचे सल्फाइड, भरले गेले. दमट हवेत ऑक्सिजन आणि बाष्प मिळाले की पायराइटचे फेरस सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल बनते. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया वेग घेते. तयार होणारे क्षार मूळ खनिजापेक्षा जास्त जागा व्यापतात, त्यामुळे नमुना आतून फुटतो, आणि आम्ल शेजारचा कागद, लाकूड आणि चुनखडीयुक्त नमुने खात सुटते. मुंबईत वर्षातले कितीतरी दिवस हवा साठ टक्क्यांच्या वरच असते, म्हणजे ही फळे इथे आली त्या दिवसापासून झिजत आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये याच थरातली फळे सिलिकॉन तेलात बुडवून ठेवतात, यावरून हा प्रकार किती चिवट आहे याची कल्पना यावी.

पाण्याने धुणे म्हणजे आगीत तेल ओतणे, म्हणून तो विचारही केला नाही. पूड कोरड्या मऊ ब्रशने काढून स्वतंत्र बाटलीत भरली आणि त्यावर नमुन्याचा क्रमांक घातला. उरलेली तीन फळे रसायनशास्त्र विभागाच्या धूर ओढणाऱ्या कपाटात, बंद काचपात्रात, अमोनियाच्या द्रावणात पॉलिइथिलीन ग्लायकॉल मिसळून त्याच्या वाफेत ठेवली. अमोनिया आम्ल निष्प्रभ करतो आणि ग्लायकॉल पात्रातली ओल ओढून धरतो. संध्याकाळपर्यंत पांढरे डाग तांबूस-तपकिरी झाले, म्हणजे वाफ तिथपर्यंत पोहोचली. जे गेले ते या उपायाने परत येत नाही.

१४ जुलै २०२३

प्लायवुडच्या कपाटाचा शिंपल्यांचा खण उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, हे मामांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते आणि मी ते मनावर घेतले नव्हते. आज भिंगाखाली पाहिले तर काही शिंपल्यांवर कापसासारखी पांढरी लव आहे. ती बुरशी नाही. लाकूड आणि प्लायवुडचा चिकटद्रव यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लांची वाफ निघते, ती बंद खणात कोंडते आणि शिंपल्याच्या कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग पावून त्याचे क्षार बनवते. पावसाळ्यातली ओल या क्रियेला हात देते. जुन्या सागवानी खणांतले तसेच शिंपले स्वच्छ आहेत, हा फरक विद्यार्थिनींना शेजारी-शेजारी ठेवून दाखवला. हे कपाट आजपासून फक्त दगडांसाठी. सर्व चुनखडी नमुने पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत हलवायला सुरुवात केली.

३ ऑगस्ट २०२३

माझ्याकडून चूक झाली. कच्छच्या एका अमोनाइटची कड सुटत होती, म्हणून मी ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा हात दिला. हे रेझिन जीवाश्मांसाठी चांगले, कारण ते पिवळे पडत नाही आणि पुढे कधी काढायचे झाल्यास ॲसिटोननेच विरघळते. परंतु ॲसिटोन वेगाने उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि ८८ टक्के आर्द्रतेत त्या थंड पृष्ठभागावर लगेच दव धरते. थर दुधासारखा पांढरा झाला आणि अमोनाइटवरच्या शिवणरेषा, म्हणजे कवचातल्या कप्प्यांच्या पडद्यांच्या नागमोडी रेषा, दिसेनाशा झाल्या. नमुन्याचे नुकसान झालेले नाही, पण जे कोरड्या ऋतूत करायचे ते मी पावसात केले. डिंक आणि रेझिनचे सारे काम डिसेंबरवर टाकले. पावसाळ्याचे महिने यापुढे चिठ्ठ्या, नोंदवही आणि निरीक्षण यांसाठीच.

२१ ऑगस्ट २०२३

नोंदवहीचे काम. कसरीने खाल्लेल्या चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. जुनी चिठ्ठी कितीही फाटकी असली तरी टाकायची नाही. तिला स्वच्छ पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून नमुन्याबरोबरच ठेवायचे आणि शेजारी आम्लविरहित कागदावर नवी चिठ्ठी लिहायची. ‘कच’ आणि ‘ट्रिचिनॉपली’ अशी जुनी स्थळनावे खोडायची नाहीत. दख्खन लाव्हाच्या थरांमधल्या गाळात सर्वत्र सापडणाऱ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीला जुन्या चिठ्ठीत ‘फायसा प्रिन्सेपी’ म्हटले आहे, आज तिला ‘प्लॅटीफायसा’ या वंशात घालतात. दोन्ही नावे तारखेसह राहतील, म्हणजे उद्या मत पुन्हा बदलले तर मागचा माग कापला जाणार नाही. ज्या जीवाश्माचे ठिकाण आणि थर हरवले तो मला अनाथ वाटतो, आणि असे सत्तावीस नमुने आमच्याकडे आहेत, हे आज मोजून कळले.

आज दुपारी एक आनंदाची गोष्ट घडली. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने पहिल्या कपाटातली ग्लोसोप्टेरिसची एक पाटी उचलून विचारले, “मॅडम, हीच शीर मी काल तिसऱ्या कपाटात पाहिली, उलटी.” दोन्ही पाट्या जुळवल्या तर त्या एकाच पानाचा ठसा आणि प्रतिठसा निघाल्या. वेगवेगळ्या क्रमांकांनी कित्येक वर्षे त्या एकमेकींपासून दूर होत्या. एका पाटीवरची चिठ्ठी कोरी होती, दुसरीवर राणीगंज लिहिलेले होते. अनाथांची संख्या सव्वीस झाली.

११ सप्टेंबर २०२३

वरळीच्या लादीची पहिली सविस्तर तपासणी केली. काळसर पंकाश्माची, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या दगडाची, ही तळहाताएवढी लादी आहे आणि तिच्यावर अंगठ्याच्या पेराएवढा एक बेडूक पसरलेला आहे. मागचे पाय दुमडलेले दिसतात, मणके एक-एक मोजता येतात. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये मुंबईच्या या बेडकाचे वर्णन ‘राना पुसिला’ या नावाने केले आणि १९३० मध्ये नोबल यांनी त्याच्यासाठी ‘इंडोबॅट्रॅकस’ हा स्वतंत्र वंश निर्माण केला. लाव्हाचे दोन प्रवाह येण्यामधल्या शांत काळात साचलेल्या गोड्या पाण्यात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हे बेडूक राहत होते. ज्या टेकडीतून ते निघाले ती आज इमारतींखाली आणि रस्त्यांखाली गेली आहे. कच्छचा अमोनाइट फुटला तर मी दुःखाने का होईना, पुन्हा कच्छला जाईन. वरळीला आता खणायला जागा नाही.

तिरप्या प्रकाशात पाहिले तर लादीच्या उजव्या कडेला दोन बारीक भेगा दिसतात. बेडकाच्या पायापासून त्यांचे अंतर अकरा मिलिमीटर आहे. मोजपट्टी आणि रंगतक्ता शेजारी ठेवून, दिव्याचा कोन आणि कॅमेऱ्याची उंची लिहून छायाचित्र घेतले. हेच छायाचित्र दर तीन महिन्यांनी, त्याच कोनातून घ्यायचे. भेग वाढते आहे की तशीच आहे, हे आठवणीवर सोडता येत नाही.

१६ ऑक्टोबर २०२३

पाऊस परतला, हवा तापली. खोलीतली आर्द्रता दहा दिवसांत ८४ वरून ५८ वर आली आणि ग्लोसोप्टेरिसच्या दोन पाट्यांचे पापुद्रे सुटले. पंकाश्मातली चिकणमाती ओल पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, आणि हे आकसणे घाईने झाले की थर एकमेकांपासून सोडवण घेतात. पावसाळा घातक असतो असे आपण धरून चालतो. माझ्या मते या खोलीत त्याच्याइतकाच घातक ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आहे. सर्व पंकाश्म झाकणाच्या डब्यांत घातले आणि झाकणे रोज थोडी-थोडी सैल केली, म्हणजे आतली ओल सावकाश जाईल. वरळीची लादी सप्टेंबरमध्येच डब्यात गेली होती. तिच्यात बदल नाही.

१८ डिसेंबर २०२३

दुपारची आर्द्रता ४४ टक्के. चिकटवण्याच्या कामाला आजपासून सुरुवात केली. ऑगस्टमधला पांढरा थर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या ब्रशच्या टोकाने अलगद उतरवला, पुन्हा पातळ द्रावण दिले. शिवणरेषा स्वच्छ दिसतात.

जुन्या काळी लाखेने चिकटवलेले नमुने पुष्कळ आहेत. लाख काळवंडते, ठिसूळ होते आणि काढायला अवघड जाते, तरीही ज्या जोडण्या घट्ट आहेत त्यांना आम्ही हात लावत नाही. पॅरालॉइडचीही एक मर्यादा लक्षात ठेवली आहे: ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणून जड अमोनाइटांच्या जोडांवर वजन येणार नाही अशा बेताने ते आडवे ठेवले आणि खिडकीजवळचा खण रिकामा केला.

६ फेब्रुवारी २०२४

पिसदुऱ्याची विष्ठा. विद्यार्थिनींचा आग्रह होता की हे गोळे धुऊन वॉर्निश केले तर प्रदर्शनात उठून दिसतील. त्यांना २००५ सालचे संशोधन वाचायला दिले: पिसदुऱ्याच्या याच प्रकारच्या विष्ठेत गवताचे सिलिकामय सूक्ष्मकण सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होते याचा पुरावा मिळाला. पन्नास वर्षांपूर्वी कोणी हे गोळे चकचकीत करण्यासाठी घासले असते, तर त्यांच्या पृष्ठभागावरचे आणि फटींमधले काय निघून गेले असते ते सांगता येत नाही. उद्या कोणते उपकरण कोणता प्रश्न विचारील, हे आपल्याला आज ठाऊक नाही; त्यामुळे जे नमुने स्वतःहून झडत नाहीत त्यांना आम्ही काहीही लावणार नाही. गोळे एकमेकांवर घासत होते, तेवढे मात्र पॉलिइथिलीनच्या फोममध्ये प्रत्येकाला त्याच्या आकाराचा खळगा कापून थांबवले. कापूस काढून टाकला, कारण तो ओल धरतो आणि त्याचे धागे खडबडीत कडांना अडकतात.

१४ मार्च २०२४

क्रमांक घालण्याचे काम संपले. नमुन्याच्या कमी महत्त्वाच्या बाजूला पॅरालॉइडचा छोटा पट्टा, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा पॅरालॉइड. फार बारीक नमुन्यांचे क्रमांक त्यांच्या कुपीवर.

१० जून २०२४

काल पाऊस सुरू झाला. यंदा आम्ही तयार आहोत. संपूर्ण खोली कोरडी करणे आम्हाला परवडणारे नाही आणि या खिडक्यांतून ते शक्यही नाही, म्हणून खोलीऐवजी प्रत्येक नाजूक नमुन्याला त्याची स्वतःची हवा दिली आहे. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेले सिलिका जेल हवाबंद डब्यांत, जाळीच्या पिशव्यांत ठेवले. निळे जेल घेतले नाही, कारण त्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला घातक आहे. नारिंगी घेतले, ते ओल पिऊन हिरवे होते. हिरवे झाले की विभागाच्या भट्टीत ११० ते १२० अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येते. नायपाची तीन फळे ऑक्सिजन आत न सोडणाऱ्या जाड पिशवीत, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुडीसह बंद केली. पंकाश्माच्या डब्यांत जेल जपून घातले आहे, कारण त्यांना शुष्क करायचे नसून ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर ठेवायचे आहे.

८ जुलै २०२४, सोमवार

रात्री एकपासून सकाळी सातपर्यंतच्या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. रेल्वे ठप्प, महाविद्यालये बंद. मी ठाण्यात अडकले होते. मामा गिरगावात राहतात, ते चालत गेले आणि दुपारी फोन केला: “पश्चिमेच्या खिडकीतून पाणी आलंय मॅडम, दुसऱ्या कपाटाच्या पायाशी थारोळं आहे. खण उघडले नाहीत, तुम्ही सांगितलं होतंत म्हणून.” त्यांनी पाणी टिपून घेतले आणि कपाटाच्या पायांखाली विटा सरकवल्या. त्यांचे हे काम मी या नोंदीत त्यांच्या हुद्द्याने लिहीत आहे, पण विभागाच्या अहवालात ते त्यांच्या नावाने जाईल.

९ जुलै २०२४

खोली ९३ टक्के. दुसऱ्या कपाटाचा सर्वांत खालचा खण ओलसर, त्यातले सिरोंच्याचे लाकूड सिलिकामय असल्यामुळे सुरक्षित. चिठ्ठ्या पाकिटांत होत्या, त्या कोरड्या राहिल्या. वरळीच्या डब्यात ४६ टक्के. तळचे खण यापुढे फक्त सिलिकामय लाकडासाठी राखायचे, आणि खिडकीच्या दुरुस्तीचा अर्ज आजच कार्यालयात दिला.

२ ऑगस्ट २०२४

वरळीच्या लादीचे चौथे छायाचित्र घेतले आणि ते पहिल्याशेजारी ठेवले. डिसेंबर आणि मार्चप्रमाणेच दोन्ही भेगा तेवढ्याच, पायापर्यंतचे अंतर अकरा मिलिमीटर. पंकाश्माच्या एकाही पाटीचा नवा पापुद्रा नाही.

नायपाच्या तिसऱ्या फळावर, देठाच्या खाचेत, मोहरीएवढा पिवळा ठिपका दिसला. पिशवीतून पाहिले, उघडली नाही. आर्द्रतेची पट्टी ३० टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे हा ठिपका वाफ न पोहोचलेल्या जुन्या भागाचा असावा. जागा आराखड्यावर नोंदवली. पुढील तपासणी १६ ऑगस्टला. ठिपका वाढला असेल तर पुन्हा अमोनिया.